फ्लॉरेन्समध्ये चित्रकला: सरकारी अकादमी की खाजगी स्टुडिओ?

चित्रकला शिकण्यासाठी फ्लॉरेन्सला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन अगदी भिन्न मार्ग असतात: १७८४ मध्ये ग्रँड ड्यूक पिएत्रो लिओपोल्दो यांनी स्थापन केलेली सरकारी 'अकादेमिया दी बेल्ले आर्ती' आणि वास्तववादी चित्रणाचे धडे देणारे खाजगी स्टुडिओ. १९९१ मध्ये डॅनियल ग्रेव्ह्ज यांनी सुरू केलेली 'फ्लॉरेन्स अकॅडमी ऑफ आर्ट' दुसऱ्या प्रकारात मोडते. नावातील 'अकॅडमी'मुळे अनेकांचा गोंधळ होतो.

सरकारी अकादमीच्या शेजारच्याच संग्रहालयात १८७३ पासून मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' उभा असला, तरी आतले शिक्षण रेनेसाँच्या काळात अडकलेले नाही. चित्रकला, शिल्प, मुद्राचित्रण, नेपथ्य अशा शाखांत मांडणीशिल्पापासून व्हिडिओपर्यंत सर्व माध्यमांना वाव मिळतो, आणि रोज कोणी हात धरून रेखाटन शिकवील ही अपेक्षा तेथे फोल ठरते. पदवी तीन वर्षांची, १८० क्रेडिटची असून पुढे दोन वर्षांचा उच्च अभ्यासक्रम आहे. शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नाशी निगडित असते आणि तोस्काना प्रांताच्या शिष्यवृत्तीसाठी परदेशी विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो, त्यामुळे मध्यमवर्गीय घराला हाच मार्ग झेपण्याजोगा आहे. खरी अडचण भाषेची आहे: कलेतिहासाची व्याख्याने इटालियनमध्ये होतात आणि परीक्षा बहुधा तोंडी असतात.

खाजगी स्टुडिओत शिक्षण इंग्रजीत मिळते. पण त्याचे मोल पुरेपूर मोजावे लागते आणि तेथे उत्पन्नाचा विचार सहसा होत नाही. तेथील 'साइट-साइझ' पद्धतीत इझल (चित्र ठेवायची घोडी) मॉडेलच्या बाजूला ठेवून, ठरलेल्या जागी मागे उभे राहून, मॉडेल आणि चित्र एकाच आकाराचे दिसतील अशा रीतीने रेखाटन करावे लागते. हातात ओळंबा धरून मापे ताडून पाहायची, पुन्हा पुढे जाऊन एकच रेषा दुरुस्त करायची, असे एकेका चित्रावर आठवडेच्या आठवडे जातात. आधी छापील रेखाटनांच्या प्रतिकृती, मग उत्तरेच्या प्रकाशात प्लास्टरच्या मूर्ती, त्यानंतर जिवंत मॉडेल आणि तैलरंग, हा क्रम सहसा मोडला जात नाही. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात अँटिक (प्लास्टरच्या मूर्तींवरून) आणि लाइफ स्टडी (जिवंत मॉडेलवरून चित्रण) मन लावून केलेल्या विद्यार्थ्याला यातील सुरुवातीचे महिने पुनरावृत्तीचे वाटतील. त्याने थेट पुढच्या टप्प्यावर प्रवेश मिळतो का, हे आधी विचारावे. शिवाय हाती पडणारे प्रमाणपत्र सामान्यतः इटालियन सरकारी पदवी नसते, आणि भारतात कलाशिक्षकाची नोकरी करायची असेल, तर ही बाब निर्णायक ठरू शकते.

मुक्काम नव्वद दिवसांहून अधिक असल्यास दोन्ही मार्गांसाठी दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा लागतो आणि इटलीत पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अकादमीसाठी 'युनिव्हर्सितालि' या सरकारी संकेतस्थळावरील पूर्वनोंदणी आणि प्रवेश परीक्षा यांची त्यात भर पडते.

माझ्या मते, ज्याच्याकडे पदवी आहे आणि व्यक्तिचित्रणात हात पक्का करायचा आहे, त्याने परवडत असल्यास एका वर्षापुरता स्टुडिओ निवडावा. बारावीनंतर थेट जाणाऱ्याने मात्र अकादमीचाच विचार करावा. त्यासाठी घरी बसून इटालियन शिकण्यात एक वर्ष गेले, तरी स्टुडिओच्या शुल्कापुढे तो सौदा स्वस्तच आहे.