हिराबोळाचे तेल : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या फोंड्याच्या घरात बोळ ही बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू होती. आई हिराबोळाचे तांबूस खडे सुंठ-डिंकाशेजारी पितळी डब्यात ठेवत असे आणि त्याची पूड गुळातुपात कालवून हरभऱ्याएवढी गोळी बाळंतिणीला देत असे. ती गिळताना आत्याचे तोंड कसे वाकडे झाले होते, ते मी दाराआडून पाहिलेले आहे. तोच बोळ तेल होऊन बाटलीत मिळतो असे कळल्यावर गेल्या जूनमध्ये मी १० मिलिलिटरची बाटली मागवली. जानेवारी संपता संपता तिच्या तळाशी थोडेसेच तेल उरले आहे.

सोमालिया, इथिओपिया, येमेन अशा कोरड्या मुलखांत वाढणाऱ्या एका काटेरी झाडाच्या सालीतून पाझरून वाळलेला चीक म्हणजे बोळ. आपला गुग्गुळ या झाडाचा जवळचा नातलग. मराठी बायबलमध्ये यालाच गंधरस म्हटले आहे. गोव्यातल्या रेईश मागूस गावी ६ जानेवारीला ज्या तीन राजांचे फेस्त होते, त्यांनी बाळ येशूला दिलेल्या सोने, ऊद आणि गंधरस या भेटींपैकी तिसरी ती हीच. फेस्ताच्या सुमारास शेजारच्या आंटीला मी बाटली हुंगायला दिली, तर त्या म्हणाल्या, "हो तर वखदाचो वास!" (हा तर औषधाचा वास!) त्यांचे चुकले नाही. वास कडवट आहे, त्यात ओल्या मातीची आणि जुन्या लाकडी कपाटाची छटा आहे, आणि पहिल्या दिवशी तो मलाही आवडला नव्हता.

या तेलाची पहिली अडचण म्हणजे त्याचा दाटपणा. काकवीसारखे ते बाटलीच्या तोंडाशी अडून बसते, आणि झाकणाच्या आट्यांत सुकलेले तेल असे चिकटते की ऑगस्टमध्ये मला झाकण सांडशीने धरून फिरवावे लागले. तेव्हापासून वापरण्याआधी बाटली पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवते आणि झाकण स्पिरिटने पुसते. डिफ्यूझरमध्ये नुसते हे तेल घातले तर यंत्राच्या तळाशी थर बसतो. मात्र गवती चहाच्या तीन थेंबांबरोबर याचा एक थेंब घातला तर पावसाळ्यात घरभर पसरणारा कुबट वास संध्याकाळपुरता नक्की झाकला जातो. हाच मेळ रुमालावर घालून पाहिला, तर सकाळी गवती चहा उडून गेला होता आणि बोळ तसाच होता.

टाचांच्या भेगांवर हे तेल उत्तम, असे सगळीकडे वाचले होते, म्हणून नोव्हेंबरमध्ये पडताळून पाहिले. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, पातळ करून दोन डब्यांत ओतले, त्यांपैकी एका डब्यात बोळाचे तेल साधारण दोन टक्के, म्हणजे ३० मिलिलिटरला १२ थेंब, या प्रमाणात मिसळले, आणि महिनाभर रात्री डाव्या टाचेला बोळाचे, उजव्या टाचेला साधे असे लावले. दोन्ही टाचा सारख्याच भरून आल्या. श्रेय भिरंडेलालाच द्यायला हवे. डाव्या पायाला वास तेवढा बरा येत होता. पावसाळ्यात झालेल्या चिखल्यांवर तर याचा काहीच उपयोग झाला नाही, शेवटी डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीनेच त्या गेल्या.

हिरड्यांच्या बाबतीत मात्र चूक माझी होती. पाण्याच्या पेल्यात दोन थेंब टाकून चूळ भरली, पण तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगले आणि ओठाला लागून जळजळ झाली. नंतर समजले की जर्मनीच्या कमिशन ई या तज्ज्ञ समितीने तोंडातील सौम्य सुजेवर बोळाला मान्यता दिली आहे, ती मद्यार्कात काढलेल्या अर्काला आणि पुडीला. कारण साधे आहे. बोळाच्या खड्यात उडून जाणारे तेल साधारण २ ते १० टक्केच असते, बाकी राळ आणि डिंक, आणि वाफेने तेल काढताना हे दोन्ही मागे भांड्यातच राहतात. म्हणजे आईच्या डब्यातला बोळ आणि ही बाटली एक नव्हेत; एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर खपवले जातात, याचा मला राग येतो.

बाटलीबरोबरच्या पत्रकात 'बाळंतिणीसाठी पारंपरिक' असे छापले होते, आणि ते वाचून वहिनीने सहावा महिना चालू असलेल्या भाचीला हे द्यावे का, असे विचारले. मी स्पष्ट नको म्हटले. बोळ गर्भाशयाला चेतवतो, म्हणूनच जुन्या बायका तो बाळंतपणानंतर देत, आधी कधीच नाही. आणि तेल पोटात घेण्याचा तर प्रश्नच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोळ घेऊ नये.

उरलेले तेल देवघरातल्या संध्याकाळसाठी ठेवले आहे. संपल्यावर नवी बाटली मागवणार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्याकडून पन्नास ग्रॅम खडे आणीन आणि निखाऱ्यावर घालीन.