गाणी अजय-अतुलची म्हणून बघितले, पण हे चार सिनेमे काही जमले नाहीत

मी काही समीक्षक वगैरे नाही, कॅमेरा आणि एडिटिंगमधलं मला फारसं कळत नाही, पण सिनेमा बघायला मनापासून आवडतो आणि अजय-अतुलचं नाव दिसलं की तो सिनेमा मी सोडत नाही. आता २०१८ साल आठवा, जुलैत धडक, नोव्हेंबरमध्ये ठग्ज ऑफ हिंदोस्तान आणि डिसेंबरमध्ये झिरो, म्हणजे धर्मा, यशराज आणि शाहरुखची रेड चिलीज या तीन मोठ्या निर्मिती संस्थांच्या मोठ्या सिनेमांना आपल्या अजय-अतुलची गाणी. केवढा अभिमान वाटला होता! आणि तिन्ही सिनेमांनी निराशा केली. मग २०२३ ला आदिपुरुष आला, त्यात त्यांचं 'जय श्री राम' होतं, तिथेही तेच. गाणं ऐकताना जे चित्र डोळ्यासमोर उभं राहतं तेवढंसुद्धा पडद्यावर दिसत नाही, ही माझी या चारही सिनेमांबद्दलची मुख्य तक्रार आहे.

सुरुवात धडकपासून, कारण तो जास्त लागला. सैराट ज्यांनी बघितलाय त्यांना हिंदी रिमेक आवडणं अवघड होतं हे मान्य, पण मी खरंच मोकळ्या मनाने बघितला, उदयपूर आहे तर असू दे, भाषा वेगळी आहे तर असू दे. ईशान खट्टरने जीव ओतून काम केलंय, जान्हवीचा तो पहिलाच सिनेमा, तिलाही मी बोल लावणार नाही. अडचण लिहिण्यात आहे. सैराटमध्ये आर्ची विहिरीवर आहे हे कळताच परश्या होडीतून पाण्यात उडी मारून तिकडे पळत सुटतो तेव्हा आपल्याला मजा वाटते आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो, कारण हा कोण आणि ती कोण हे दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी आधीच दाखवून ठेवलेलं असतं. पाटलाचा पोरगा वर्गात सरांच्या कानाखाली मारतो आणि कोणी काही करू शकत नाही, एवढ्या एका प्रसंगात गावात कोणाची चालते ते कळतं. जातीवर भाषण न देता जात सगळीकडे आहे. धडकमध्ये ती एखाद्या वाक्यात येते आणि जाते, उरतं काय तर बापाची निवडणूक आणि घराण्याची इज्जत, जे आपण शंभर हिंदी सिनेमांत बघितलंय. मग ते पळून का जातात, इतकं का घाबरतात, हे डोक्याला कळतं पण आत काही हलत नाही.

आणि पळून गेल्यानंतरचा भाग तर सैराटचा जीव होता. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात आणि मग हैदराबादची ती झोपडपट्टी, वास, पाणी, बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची तिथे कोपऱ्यात बसून रडते, दोघं भांडतात, प्रेम संपतं की काय असं वाटायला लागतं. हे सगळं सावकाश घडतं म्हणून शेवट अंगावर येतो. धडकमध्ये कोलकाता आहे पण तिथली गरिबीसुद्धा स्वच्छ इस्त्री केलेली वाटते, आणि शेवट बदललाय, तो मी सांगत नाही, पण धक्का बसतो तो फक्त अचानक झाल्यामुळे. गाण्यांचं म्हणाल तर 'झिंगाट' हिंदीत आणलं आणि 'याड लागलं'च्या चालीवर 'पहली बार' केलं, चाल तीच, गोड तितकीच, पण आमच्या मनात त्या चालीला जो पोरगा चिकटलाय तो इथे नाही. धडकसाठी नवीन केलेलं 'वारा रे' मला त्यापेक्षा जास्त आवडलं, ते निदान याच सिनेमाचं वाटतं.

ठग्ज बद्दल खूप लिहायची इच्छा नाही खरं तर, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. अमिताभ आणि आमिर! लगानमध्ये अमिताभचा आवाज होता, पण दोघं पडद्यावर एकत्र पहिल्यांदाच येत होते, लोकांनी किती वर्षं वाट बघितली असेल. दिवाळीचा मुहूर्त, ८ नोव्हेंबर, पहिल्या दिवशी हिंदी सिनेमाच्या ओपनिंगचा तेव्हाचा रेकॉर्ड झाला आणि मग दोन-तीन दिवसांत थिएटर रिकामी, कारण बघून आलेल्यांनी घरी येऊन खरं सांगितलं. समुद्रातल्या शूटिंगसाठी माल्टामध्ये जहाजं बांधली होती, ती दिसतात छान. पण या दोघांना समोरासमोर बसवून पाच मिनिटं नुसतं बोलू द्या ना! आमिरचा फिरंगी हा दोन्हीकडून खाणारा माणूस, अमिताभचा खुदाबक्ष शब्दाला जागणारा, यांच्यात किती छान जुंपली असती, एक फसवतोय आणि दुसऱ्याला ते कळतंय तरी तो विश्वास टाकतोय, असा सीन कोणालाही सुचला असता. सिनेमात तो येतो येतो म्हणेपर्यंत तोफा सुरू होतात. फिरंगी पुढे काय करणार हे आपल्याला दहा मिनिटं आधी कळतं, आणि ज्याचं कामच गंडवणं आहे त्याच्यासाठी हे वाईटच. कतरिनाला दोन गाणी आणि थोडेसे सीन, बस. 'सुरैय्या'मधला नाच मात्र कितीही वेळा बघू शकते. नंतर आमिरने जाहीरपणे अपयशाची जबाबदारी घेतली, ते मला फार आवडलं, एवढा मोठा स्टार असं सहसा करत नाही.

आदिपुरुषकडून अपेक्षा होती ती दिग्दर्शक ओम राऊतमुळे. लोकमान्य त्यांचाच, सुबोध भावे असलेला, आणि तान्हाजी पण त्यांचाच, दोन्ही मला आवडलेले. त्यात हनुमानाच्या भूमिकेत आपला देवदत्त नागे, हिंदीत प्रभासला आवाज शरद केळकरचा. टीझर आला तेव्हाच व्हीएफएक्सवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांवरून, लोक ओरडले, जानेवारीची तारीख जूनवर गेली, वाटलं आता दुरुस्त करतील. काळोखी लंका, वटवाघळासारखा प्राणी घेऊन फिरणारा रावण, अजगरांकडून मालिश... रामायण आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यात नवीन काही दाखवा की, पण ते दाखवताना भाव तरी ठेवा. हनुमानाच्या तोंडचे संवाद ऐकून तर मला खूप वाईट वाटलं, इतकी भक्ती ज्या पात्रात आहे त्याच्या तोंडी गल्लीतली भाषा कशाला. रिलीज झाल्यावर संवाद बदलले त्यांनी, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'जय श्री राम' वाजतं तेव्हा अंगावर काटा येतो, त्यातला कोरस ऐका एकदा नीट हेडफोन लावून, आणि मग वाटतं की या गाण्यात जेवढा राम आहे तेवढा जरी त्या तीन तासांत असता तरी चाललं असतं.

आता झिरो. याच्यावर माझा राग नाही, वाईट वाटतं, कारण हा चारांतला एकच असा आहे जो अर्धा खरंच चांगला आहे. दिग्दर्शक आनंद राय आणि लेखक हिमांशु शर्मा, छोट्या शहरातली माणसं लिहावीत तर यांनी. मेरठचा बउआ सिंग, उंची कमी पण तोंड फाटकं, बापाशी भांडणारा, पैसे उडवणारा, सतत कोणाला तरी दुखावणारा. शाहरुख इतका मोकळा बऱ्याच दिवसांनी दिसला होता आणि व्हीएफएक्सने त्याला बुटका केलाय हे पाच मिनिटांत विसरायला होतं. अनुष्काची आफिया सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार) असलेली शास्त्रज्ञ, हुशार आणि फटकळ, आणि तिला त्याची दया येत नाही, त्याला तिची येत नाही, हे फार सुंदर लिहिलंय. 'मेरे नाम तू'मध्ये तो तिच्यासमोर नाचतो तेव्हा अभय जोधपुरकरचा आवाज आणि मागची ती व्हायोलिन्स, मला वाटलं वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा मी बघतेय.

मग कथा बॉलिवूड हिरोईनकडे जाते, तिथून अमेरिकेत, तिथून थेट मंगळाच्या मोहिमेवर. कल्पना मोठी असायला माझी हरकत नाही हो, बोटाच्या इशाऱ्याने तारे पाडणारा माणूस आधीच दाखवला होता, ते मी आनंदाने मानलं. पण बउआ गरोदर आफियाला सोडून गेलाय. तिची माफी तो कशी मागणार, ती देणार का, मुलीला तो काय तोंड दाखवणार, हा सिनेमा होता! ती दोघं एका खोलीत बसून जे बोलायला हवं होतं त्याऐवजी त्याला रॉकेटमध्ये बसवून पाठवून दिला, म्हणजे सगळ्यात अवघड सीन लिहायचाच राहिला. आफियासारखी बाई, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती उत्तरार्धात नुसती स्क्रीनकडे बघत उभी आहे. कतरिनाने त्या हिरोईनचं, दारुड्या, तुटलेल्या बबिताचं काम तिच्या नेहमीच्यापेक्षा कितीतरी चांगलं केलंय, तिचंही पुढे काही होत नाही. श्रीदेवी एका पार्टीच्या सीनमध्ये क्षणभर दिसते, ती पडद्यावर शेवटची दिसली ती इथेच, तेव्हा मात्र गलबलून आलं.

तर कोणी विचारलं तर मी सांगेन की धडकऐवजी सैराट पुन्हा बघा, ठग्ज आणि आदिपुरुषची फक्त गाणी ऐका, आणि झिरो मात्र लावा, इंटरव्हलपर्यंत अगदी मन लावून बघा, पुढचं बघायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि आनंद रायनी कधी पुन्हा मेरठमधल्या माणसांवर सिनेमा केला आणि संगीत अजय-अतुलचंच असलं तर मी पहिल्या दिवशी जाणार आहे.