इडलीच्या पिठासाठी एसटीसी-१००० : दोन उन्हाळे आणि एका हिवाळ्यानंतर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून वहिनी रोज सकाळी बसस्टँडवर इडली-दोशाची गाडी लावतात. मे महिन्यात रात्री वाटलेले पीठ पहाटे चारलाच आंबट होऊन भांड्याबाहेर येते आणि डिसेंबरच्या थंडीत तेच पीठ सकाळी सहाला जसेच्या तसे बसलेले असते, ही त्यांची अनेक वर्षांची तक्रार. त्यावर उपाय म्हणून मी भंगारवाल्याकडून १,८०० रुपयांना एक दार असलेला जुना १६५ लिटरचा फ्रीज घेतला, त्याला एसटीसी-१००० नावाचा तापमान नियंत्रक जोडला आणि आत एक पिवळा बल्ब लावला. हे तंत्र परदेशात घरी बिअर करणाऱ्यांमध्ये फार रूढ आहे, कारण एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत चांगले काम करते आणि त्याहून गरम झाले की चव बिघडते. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणे कायद्यात बसत नाही आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. पण आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नेमकी ऊब हवी, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

नियंत्रक मला सुमारे सहाशे रुपयांना पडला. त्यात दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) आहेत, एक गरम करण्यासाठी आणि एक थंड करण्यासाठी. तापमान ठरवलेल्या अंकाच्या खाली गेले की बल्ब लागतो, वर गेले की फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही बंद राहतात. हा पट्टा किती रुंद ठेवायचा ते आपण ठरवायचे. मी तो एक अंश ठेवला आहे. या वस्तूतली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे कॉम्प्रेसरचा विलंब. आमच्याकडे वीज दिवसातून चार-पाचदा जाते आणि येते. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतल्या वायूचा दाब समान होण्याआधीच तो पुन्हा सुरू झाला, तर त्याच्यावर ताण येतो. हा नियंत्रक वीज आल्यावरही ठरवलेली मिनिटे थांबतो आणि मगच कॉम्प्रेसर लावतो. विलंब एक ते दहा मिनिटांपर्यंत ठेवता येतो. मी सात ठेवला. वीज गेल्याने आधी भरलेले आकडेही पुसले जात नाहीत.

जोडणीत मात्र एक फसवी बाब आहे. रिलेच्या टोकांवर स्वतःहून वीज येत नाही. ते केवळ दोन स्विच आहेत, त्यामुळे फेजची तार तिथपर्यंत वेगळी न्यावी लागते. ज्या मिस्त्रीकडे मी काम दिले त्याने हे लक्षात न घेता सगळे जोडले आणि पडद्यावर आकडे दिसत असूनही बल्ब लागेना, म्हणून दोन दिवस नियंत्रकच खराब समजून आम्ही बसलो होतो. फ्रीजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंड खुणेवर ठेवावा, नाहीतर तो मधेच लुडबुड करतो. तार आत नेण्यासाठी फ्रीजच्या भिंतीला भोक पाडू नये, कारण तिच्या आतून वायूच्या नळ्या गेलेल्या असू शकतात. मी तारा दाराच्या रबराखालून घेतल्या. बल्ब आतल्या प्लास्टिकला टेकणार नाही अशा रीतीने पत्र्याच्या डब्यात बसवला आहे आणि अर्थिंग नीट करून घेतले आहे. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, त्याची ऊब फार कमी.

खरी अडचण सेन्सर कुठे ठेवायचा याची निघाली. मी तो सुरुवातीला हवेत लोंबकळत ठेवला होता. पडद्यावर २८ दिसे, बल्ब नेमाने लागे-विझे, पण एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गंजातलं वरचं फुगलं, खालचं अजून थंडच हाय." (गंज म्हणजे आमच्याकडचे पातेले, लोखंडावरचा नव्हे.) हवा मिनिटांत तापते, सहा किलो पीठ तापायला तास लागतात. साठ वॅटच्या बल्बची सगळी ऊब पिठातच गेली असे धरले, तरी १४ अंशांवरचे पीठ २८ वर यायला जवळजवळ दीड तास हवा, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून आता हिवाळ्यात वहिनी कोमट पाण्यातच वाटतात आणि सेन्सर गंजाच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर चिकटवून त्यावर जाड कापडाची घडी बांधलेली असते. बिअरवाले आंबवायच्या भांड्याच्या अंगाला सेन्सर बांधतात तो याच कारणाने. तेव्हापासून वाटल्यावर अकरा तासांनी पीठ रोज सारखे फुगते.

अचूकतेबद्दल सांगायचे तर माझा नियंत्रक दीड अंश जास्त दाखवत होता. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवून तो फरक मोजला आणि चौथ्या पर्यायात तो वजा केला. हे काम घेतल्या दिवशीच करावे. बटणांची रीत मात्र त्रासदायक आहे: एक बटण तीन सेकंद दाबून ठेवायचे, मग तेच दाबून धरत दुसऱ्याने आकडा बदलायचा आणि शेवटी पॉवरचे बटण दाबायचे, ते विसरले की सगळे पूर्ववत. पीठ फुगल्यावर थंड करून ठेवण्यासाठी रोज २८ वरून ६ वर यावे लागते, आणि ते वहिनींना आजही जमत नाही. माझा पुतण्या शाळेत जाण्यापूर्वी करून देतो.

गेल्या नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) एका रात्री उंदराने सेन्सरची तार कुरतडली. नियंत्रकाने बझर वाजवून बल्ब आणि कॉम्प्रेसर दोन्ही बंद केले, त्यामुळे फक्त त्या रात्रीचे पीठ गेले. दहा किलोओहमचा नवा सेन्सर नागपूरहून आणला आणि आता त्याची तार ठिबकच्या जुन्या नळीच्या तुकड्यातून ओवून घेतली आहे.