ब्रेक कुईं करतोय: पॅड पुन्हा बदलावेत की कॅलिपर उघडून घ्यावा?

पॅड नवे, डिस्क नव्या, बिल भरून झालंय, आणि तरी सोसायटीच्या गेटपाशी गाडी हळू केली की सगळ्यांना कळेल अशी कुईं. गॅरेजात अशा वेळी दोन सल्ले मिळतात. एक, पॅड कडक निघाले, काढून सिरॅमिकचे पॅड टाका. दुसरा, पॅड राहू द्या, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडून पॅडची बैठक साफ करा. घरातल्या एका गाडीवर मी पहिला उपाय केला, दुसरीवर दुसरा.

नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं होतं आणि पॅड नीट बसवून घेतले होते, हे गृहीत धरतो. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा ब्रेक, आणि मग थंड होईपर्यंत साधं चालवणं. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या एक-दोन ब्रेकला होणारी खरखरही सोडून द्या. ती डिस्कवर रात्रीत चढलेली गंजाची साय असते, लगेच घासून जाते.

सिरॅमिकबद्दल माझी तक्रार फारशी नाही. आवाज कमी, चाकांवर काळी भुकटी कमी. सकाळी थंड असताना पहिला ब्रेक जरा मऊ लागतो असं मला वाटलं. घाट उतरताना मात्र फरक जाणवला नाही. पॅड महाग पडतात, पण तेही चाललं असतं.

वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पॅड बदलले की गणती पुन्हा शून्यापासून. नव्या पॅडनेही थोडा आवाज केला, आणि गॅरेजचं उत्तर तयार होतं: "साहेब, थोडं चालू द्या, बसेल." आता हा आवाज नवेपणाचा, की आधीचाच दोष तसाच राहिलाय? काही शे किलोमीटर होईपर्यंत ते ठरवता येत नाही. त्यात ही कुईं येते अगदी हलक्या पायाने, ताशी दहा-पंधराच्या वेगात. फिटर टेस्टला गाडी नेतो, दोनदा दाबून ब्रेक मारतो आणि परत येऊन म्हणतो, "काही नाहीये." पैसे गेले, निदान मात्र जिथल्या तिथे.

दुसऱ्या गाडीला एक खूण मिळाली म्हणून ती वाट सोडली. आवाज फक्त डाव्या चाकाचा होता. खिडक्या उघड्या ठेवून भिंतीच्या कडेने हळू चालवलं की बाजू बऱ्यापैकी कळते. कंपाउंडची भिंत आवाज परत फेकते. दोन्ही बाजूंचे पॅड एकाच खोक्यातले. मग दोष मालाचा कसा असेल?

डावा कॅलिपर उघडल्यावर दिसलं ते असं. ब्रॅकेटमधल्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीतल्या, स्टीलच्या पट्टीखाली गंज फुगून पट्टी वर आली होती, त्यामुळे पॅडचे कान (दोन्ही टोकं) त्यात अडकून बसले होते. शिवाय एक स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती, कोरडी होती. पॅड डिस्कवरून मोकळा मागे सरकत नाही, टेकून राहतो, आणि हलक्या दाबाला थरथरतो; ती थरथर म्हणजेच आपली कुईं. तारेच्या ब्रशने आणि कानशीने गंज काढला, पट्ट्या नव्या टाकल्या, पिनेला सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, त्याने रबरी बूट फुगतात. जुन्या पॅडच्या मागच्या शिम (पातळ पत्र्या) कचऱ्यात गेल्या होत्या, त्या नव्या घेतल्या. पॅड तेच ठेवले. तेव्हापासून गाडी गप्प आहे. हे एका गाडीवरून सांगतोय, एवढं लक्षात असू द्या.

पॅडला नुसता पॉलिश पेपर मारून देणारेही भेटतील. चकाकी जाते, आवाजही काही दिवस जातो. पण पॅड अडकलेलाच असेल तर पुन्हा येतो.

सिरॅमिक मी कधी घेईन? दोन्ही बाजू सारख्याच किंचाळत असतील, बैठक साफ करून झालेली असेल आणि टाकलेले पॅड स्वस्तातले सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) असतील, तर खुशाल. पॅडवर तेल किंवा ग्रीस सांडलं असेल तर प्रश्नच नाही, बदलायचेच. आणि ब्रेक न दाबताही सतत खर्र येत असेल तर आधी डिस्कमागचा पत्रा बघा. काम करताना तो वाकून डिस्कला लागतो, हाताने सरळ होतो.

समुद्रकाठच्या गाड्यांना, म्हणजे रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे, मी कॅलिपरच आधी उघडायला सांगेन. खाऱ्या हवेत पट्टीखालचा गंज लवकर धरतो, आणि सिरॅमिक टाकल्याने तो जात नाही. पावसाळा संपला की एकदा साफ करून घेतलेलं बरं. चाक चढवण्याआधी फिटरला म्हणा, पॅड बोटाने सरकवून दाखव. हातोडीने ठोकून बसवायला लागला, तर तिथेच थांबवा.