मोटारीचा ‘मोबाइल स्विच’: पैसे देण्याआधी डबा उघडून पाहा

आमच्या यवतमाळकडच्या गावांत घरच्या बोअरवर ‘मोबाइलवर चालणारा ऑटोमॅटिक’ बसवून देणारे सध्या बरेच फिरत आहेत. बिलात ‘कॉन्टॅक्टरसह पूर्ण संच’ असं लिहितात. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटारीचा मोठा करंट चालू-बंद करणारा दणकट स्विच. डबा उघडला तर आत काडीपेटीएवढा वायफाय स्विच तेवढा असतो आणि मोटारीची वायर थेट त्यातच खोचलेली असते. कॉन्टॅक्टरचे पैसे मात्र घेतलेले असतात.

स्विचवर १६ अँपिअर छापलेलं असतं आणि १ एचपीची सिंगल फेज मोटार चालताना ६-७ अँपिअर घेते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण तो आकडा गिझर-इस्त्रीसारख्या लोडचा आहे. मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. दर वेळी स्विचमधल्या रिलेच्या टिकल्यांवर (जिथं करंट जोडला-तोडला जातो) ठिणगी पडते आणि एक दिवस त्या चिकटतात. मोबाइल ‘बंद’ दाखवतो, मोटार चालूच राहते. मे महिन्यात बोअरचं पाणी तुटलेलं असेल तर ती कोरडी फिरते आणि वाइंडिंग जातं. अशा एका स्विचच्या टिकल्या काळ्या पडून इतक्या घट्ट बसल्या होत्या की पेचकसाच्या मुठीनं ठोकल्यावरच सुटल्या.

बरोबर जोडणी अशी: आधी १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा, पण मोटार सुरू होतानाचा झटका सोसणारा स्विच), मग २३० व्होल्ट कॉइलचा (कॉइल म्हणजे वीज मिळताच कॉन्टॅक्टर ओढणारं वेटोळं), एसी-३ म्हणजे मोटारीच्या लोडसाठी किमान १२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, त्यानंतर ओव्हरलोड रिले (मोटार जादा करंट घेत राहिली तर ती बंद करणारा) आणि मोटारीचा कपॅसिटर पॅनल. स्मार्ट स्विचनं फक्त कॉइलच्या ए१ टोकाला फेज द्यायचा, न्यूट्रल थेट दुसऱ्या, ए२ टोकाला. मोटारीचा करंट स्विचमधून जाताच कामा नये. वायर २.५ चौरस मिलिमीटर, तांब्याची. टोक चाकूनं खरवडा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. लाइन १८० व्होल्टवर येत असेल तर कॉन्टॅक्टर नीट ओढत नाही, टरटर आवाज करतो. तेव्हा मोटार चालवूच नका.

दुसरी लबाडी ॲपमधल्या खात्याची. फिटर स्विच स्वतःच्या मोबाइलवरच्या खात्यात जोडतो, तुम्हाला नुसता ‘शेअर’ देतो आणि वर्षानं ‘ॲपचं रिचार्ज’ मागतो. असल्या स्विचचं साधं चालू-बंद सहसा फुकट असतं. काही कंपन्यांचा स्विच पहिल्या खात्यातून काढल्याशिवाय दुसऱ्यात जातच नाही. म्हणून जोडणी पहिल्यापासून तुमच्याच नंबरवर, तुमच्यासमोर करून घ्या. या स्विचना सहसा २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं.

टाकीतला सेन्सर आणि खालचा स्विच ॲपमधून ‘लिंक’ केला, एवढ्यावर समाधान मानू नका. ही लिंक बहुतेकदा इंटरनेटवरून चालते. नेट गेलं की बंद करायचा हुकूम पोचत नाही आणि टाकी वाहत राहते. साधा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर येऊन टाकी भरताच करंट तोडणारा) कॉइलच्या वायरमध्ये सिरीजमध्ये घालायला लावा. टाकी २५ मिनिटांत भरत असेल तर स्विचमध्येच ३० मिनिटांचा ऑटो-ऑफ ठेवा. लाइन आल्यावरची स्थिती ‘बंद’ ठेवा, नाहीतर रात्री दोनला लाइन आली की मोटार आपोआप सुरू होईल.

शेवटचे पैसे देण्याआधी राउटर बंद करा, मोटार डब्यावरच्या बटणानं सुरू करा आणि टाकीतला फ्लोट हातानं वर उचला. मोटार थांबली नाही तर पैसे थांबवा. आधीच देऊन बसला असाल तर बिल आणि उघड्या डब्याचा फोटो जवळ ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.