‘यथाशक्ती’ हा शब्द आम्ही सोडला: देणगी मागण्याच्या प्रशिक्षणानंतरचे आठ महिने

सातारा जिल्ह्यातील आमच्या मुलींच्या वसतिगृहाचे सात विश्वस्त आणि तीन कर्मचारी यांनी देणगी मागण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले, त्याला आता आठ महिने झाले. शुल्क ४८,००० रुपये होते. ४२ मुलींचे वसतिगृह कसेबसे चालवणाऱ्या संस्थेने एवढी रक्कम यावर खर्च करावी का, याचा बैठकीत बराच खल झाला होता. म्हणून पदरात काय पडले ते सविस्तर लिहीत आहे.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे समोरासमोर खुर्च्या मांडून केलेला सराव. आमचे खजिनदार निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी संस्थेचा सगळा इतिहास सांगितला आणि शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाले, “यथाशक्ती काय ते द्या, फूल ना फुलाची पाकळी.” प्रशिक्षकांनी तिथेच थांबवून देणगीदार झालेल्या सहकाऱ्याला विचारले, “तुम्ही किती द्याल?” उत्तर आले, “पाचशे एक.” एका मुलीचा वर्षाचा खर्च किती, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. त्या रात्री अधीक्षिका आणि लेखनिक बाई यांनी धान्य, गॅस, वीज, औषधे आणि मानधन यांच्या नोंदी काढून आकडा ठरवला: २८,००० रुपये.

आकडा सांगितल्यावर गप्प बसणे हा दुसरा धडा, आणि तो फार जड गेला. सरावात आम्ही प्रत्येक जण दोन-तीन सेकंदांत “नाही जमले तरी हरकत नाही हं” असे म्हणून मोकळे होत होतो. पुढे कराडच्या एका व्यापाऱ्यांकडे खजिनदार सर आणि मी गेलो. सरांनी एका मुलीची वर्षाची जबाबदारी घेण्याची विनंती केली, रक्कम सांगितली आणि ते थांबले. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, आत हाक मारून चहा सांगितला आणि मग विचारले, “सर, दोन हप्त्यांत चालेल का?”

आतापर्यंत झालेल्या २६ भेटींतून ११ जणांनी प्रत्येकी एका मुलीचा खर्च उचलला आहे. एका विश्वस्त ताईंना मागणे अजूनही जमत नाही; त्या आता प्रत्येक देणगीदाराला आभाराचा फोन करतात, आणि ते काम त्यांच्याइतके मनापासून दुसरे कोणी करत नाही.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. उदाहरणे बहुतेक परदेशी विद्यापीठांची होती. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरी मुष्टिफंड गोळा केला, तिथल्या माणसांना मागणे शिकवताना त्याचा उल्लेखही होऊ नये, याचे मला वाईट वाटले. मूठभर धान्य हे तर नेमके माप आहे. प्रत्येक घराला आपल्याकडून काय हवे आहे ते त्यात अचूक कळत होते.

कायद्याची बाजू तर फारच कच्ची राहिली. दिलेल्या नमुना पत्राचे पहिलेच वाक्य ‘८०जी’च्या, म्हणजे देणगीवर देणगीदाराला मिळणाऱ्या प्राप्तिकर सवलतीचे होते, पण नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही. आता आम्ही पत्राची सुरुवात मुलींच्या गरजेने करतो. देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याच्या १०बीडी नमुन्यात भरून त्यांना १०बीई हे देणगीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, हेही आम्हाला सनदी लेखापालांकडून समजून घ्यावे लागले. एका माजी विद्यार्थिनीचे बंधू अमेरिकेतून मोठी रक्कम देण्यास तयार होते. त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे आणि परदेशी नागरिकांकडून देणगी घेण्यासाठी लागणारी परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी आमच्याकडे नाही. त्यामुळे त्यांनी रुपयांत दिली असती तरी ती देणगी आम्हाला घेता आली नसती. भारतीय पारपत्र असलेले नातेवाईक आणि नागरिकत्व बदललेले नातेवाईक यांतला हा फरक प्रशिक्षणात कळला असता, तर त्यांना आशा दाखवून नाही म्हणण्याचा प्रसंग टळला असता.

प्रशिक्षकांकडून पाठपुराव्याचे सहा फोन ठरले होते, त्यांपैकी चारच झाले.

तरीही लहान संस्थांनी हे प्रशिक्षण घ्यावे असे मी सुचवेन, मात्र अध्यक्षांसह सर्व विश्वस्तांनी एकत्र जावे आणि एका मुलामागचा वर्षाचा खर्च घरीच काढून न्यावा. आमची पहिली रात्र हिशेबाच्या वह्यांत गेली आणि दुसऱ्या दिवशी आकडा समजावण्यात सरावाचे दोन तास हुकले.