सॅन डिएगोचा जायंट डिपर: बाबांना घेऊन दोनदा बसले, आता लिहायलाच हवं

आधी थोडक्यात सांगते. जायंट डिपर म्हणजे मिशन बीचवरचा जुना लाकडी रोलर कोस्टर. पाठीचा किंवा मानेचा त्रास नसेल तर नक्की बसा, आणि जमलं तर एकदा सगळ्यात पुढे आणि एकदा सगळ्यात मागे बसा, दोन्ही वेगळ्या राइड वाटतात. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण मिशन बीचला येणारे आपले बरेच लोक समोरचा पांढरा लाकडी सांगाडा बघतात, फोटो काढतात आणि सरळ वाळूत जाऊन बसतात, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं. तो सांगाडा १४ वर्षं बंद पडून होता, पाडायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि तो आज उभा आहे तो गावातल्या काही लोकांनी हट्ट धरला म्हणून.

माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते, आयुष्यभर लाकडाशीच काम. या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. झू झालं, विमानवाहू जहाजाचं म्युझियम झालं, बाबा सगळीकडे शांतपणे फिरले, छान आहे म्हणाले. पण हा कोस्टर ज्या बेलमाँट पार्कमध्ये आहे तिथे गाडीतून उतरलो आणि ते रस्त्यातच थांबले. "अगं, हे लाकडाचं आहे?" म्हटलं हो बाबा, पूर्ण लाकडाचं. "समुद्राच्या एवढ्या जवळ? आणि यावरून गाडी जाते?" तेवढ्यात वरून गाडी गेलीच, धडधडत, माणसं ओरडत होती आणि अख्खा सांगाडा हलताना दिसत होता. आईने माझा हात घट्ट धरला. बाबा मात्र कुंपणाजवळ गेले आणि पुढची वीस मिनिटं तिथून हलले नाहीत.

हलतो म्हणून घाबरायचं नाही हे मला आधी वाचून माहीत होतं, पण बाबांनी ते नुसतं बघून ओळखलं. म्हणाले, लाकडाला हलायला जागा ठेवलीय म्हणून ते टिकलंय, घट्ट आवळून ठेवलं असतं तर सांध्यात चिरलं असतं, आपल्या जुन्या डब्यांचं पण तसंच होतं. रूळ म्हणजे काय तर फळ्यांवर फळ्या रचून केलेली जाड पट्टी आणि तिच्यावर लोखंडाची सपाट पट्टी, बस. गाडीला वरून चाकं, बाजूने चाकं आणि रुळाच्या खालून पण चाकं असतात, म्हणून उताराच्या टोकावर गाडी वर उचलली गेली तरी रूळ सोडत नाही. ती खालची चाकं बाबांनी नातीला कुंपणातून बोट करून दाखवली, आणि माझी अकरा वर्षांची लेक, जिला आजोबांच्या कामाबद्दल आजवर फारसं काही विचारावंसं वाटलं नव्हतं, ती एकामागून एक प्रश्न विचारत सुटली.

आता इतिहास, आणि मला खरं तर हेच सांगायचंय. जॉन स्प्रेकेल्स नावाचा साखरेतला मोठा उद्योगपती होता, सॅन डिएगोच्या ट्राम पण त्याच्याच. लोकांनी मिशन बीचला यावं, ट्रामने यावं, तिथे जमिनी घ्याव्यात म्हणून त्याने इथे मोठं करमणूक केंद्र उभं केलं. प्रायर आणि चर्च या जोडीने कोस्टर बांधला, शंभरावर माणसं लावून दोन महिन्यांच्या आत, खर्च साधारण दीड लाख डॉलर. ४ जुलै १९२५ ला सुरू झाला. शेजारी प्लंज नावाचा मोठा इनडोअर स्विमिंग पूल, तो पण त्याच वर्षीचा. पुढे या जागेला बेलमाँट पार्क नाव पडलं, बरीच वर्षं चांगलं चाललं, मग गर्दी ओसरली, पैसा आटला आणि १९७६ ला पार्क बंद.

बंद पडलेली लाकडी वस्तू समुद्राकाठी कशी होते ते कोकणात ज्याचं बंद घर आहे त्याला सांगायला नको. दोन पावसाळे कौलं शाकारली नाहीत तर वासे कुजायला लागतात. इथे पाऊस कमी पण खारी हवा बारा महिने, बोल्ट गंजतात, रंगाचे पोपडे निघतात आणि पोपडा निघाला की लाकूड उघडं. त्यात बेघर माणसं आत आसऱ्याला यायची, आगी पण लागल्या. बघणाऱ्याला ते धोकादायक भंगारच वाटत असणार, आणि पाडा म्हणणारे सगळे दुष्ट होते असंही मी म्हणणार नाही, कारण रोज घरासमोर असला सांगाडा बघायचा म्हणजे सोपं नाही.

पण गावातल्या काही लोकांनी सेव्ह द कोस्टर कमिटी काढली. यांच्याकडे पैसा नव्हता. कोस्टर पुन्हा चालू करायला लागतो तेवढा पैसा तर त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, काम सुरू केलं आणि निधी नाही म्हणून ते अडकलं पण. तरी त्यांनी एक गोष्ट सोडली नाही, कागद. १९७८ मध्ये कोस्टर अमेरिकेच्या ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आला, आणि १९८७ मध्ये त्याला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क हा त्यांच्याकडचा सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. आता असा दर्जा मिळाला म्हणजे कोणी हातच लावू शकत नाही असं नसतं, पण मग बुलडोझर गुपचूप येऊन एका सकाळी काम उरकून जात नाही, चर्चा होते, पेपरात येतं, अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. असं करत करत ते पाडकामाला आडवे पडत राहिले, एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं.

आणि तेवढ्यात आजूबाजूची जागा नव्याने विकसित व्हायला लागली आणि पैसेवाली माणसं आली. सांताक्रूझला (आपलं मुंबईचं नव्हे, कॅलिफोर्नियातलं) असाच एक जायंट डिपर आहे, १९२४ चा, याच्यापेक्षा एक वर्षाने मोठा, तो वर्षानुवर्षं नीट चालवणारी कंपनी होती, त्यांना लाकडी कोस्टर कसा सांभाळायचा ते ठाऊक होतं. त्यांच्याशी बोलणं झालं, १९८९ मध्ये इथल्यासाठी वेगळी कंपनी निघाली, वीस लाख डॉलरच्या वर खर्च करून सगळं दुरुस्त केलं, नवीन गाड्या आणल्या आणि ११ ऑगस्ट १९९० ला पुन्हा सुरू. मला विचाराल तर पैसे घालणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत, पण १९८९ ला पैसा येईपर्यंत उभं काहीतरी राहिलं होतं ते त्या कमिटीमुळे. पाडून मोकळी झालेली जागा बघून कोणी १९२५ चा कोस्टर परत बांधला नसता. आम्ही जिंकूच असं वाटून ते लढत असतील का माहीत नाही, पण रोजचा दिवस तर त्यांनी काढला, आणि मला त्याचंच फार कौतुक वाटतं.

अशी ही एकटी गोष्ट नाही. पेन्सिल्व्हेनियात आल्टूनाला लीप द डिप्स नावाचा १९०२ चा कोस्टर आहे, १९८५ ला बंद पडला, लोकांनी पैसे गोळा करत करत १९९९ ला परत सुरू केला. तो पण १४ वर्षं, योगायोग बघा. इंग्लंडमध्ये मार्गेटला १९२० ची सीनिक रेल्वे, तिला तर २००८ मध्ये आग लागली, तरी चळवळ करून २०१५ ला परत सुरू केली. कोस्टरवर जीव असणाऱ्यांची अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स म्हणून संघटनाच आहे, १९७८ पासून. किल्ल्यांवर जाऊन टाक्यांतला गाळ काढणारी आपली पोरं असतात ना, रविवारची झोप सोडून, तशीच ही माणसं.

हे सगळं माझ्या मनाला लागतं त्याचं कारण आहे. मी बोरिवलीची. गोराईला लाँचने एस्सेलवर्ल्डला जाणं म्हणजे आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, बाबा एक सुट्टी त्यासाठीच राखून ठेवायचे, आई पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून घ्यायची. २०२२ मध्ये ते बंद झालं तेव्हा मी इथे होते, बातमी वाचली आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. कुणाला दोष द्यायचा नाहीये, पार्क चालवणं खर्चाचं काम असतं. पण खेळायच्या जागेला पण वारसा म्हणता येतो, तिच्यासाठी पण अर्ज करता येतो, रांगेत उभं राहता येतं, हे मला इथे कोस्टरखाली उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

बरं, आता राइडबद्दल. उंची साधारण ७० फूट, लांबी जवळपास २६०० फूट, वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर जातो. आकडे ऐकून इमॅजिकाच्या नायट्रोवर बसलेले म्हणतील एवढंच? पण लोखंडी कोस्टरशी तुलना करूच नका, दोन वेगळ्या जाती आहेत. लोखंडी गाडी गुळगुळीत जाते, ही गाडी रुळाची प्रत्येक फळी तुम्हाला कळवत जाते. साखळी गाडीला वर ओढते तेव्हा कट कट कट कट असा आवाज येत राहतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्यांचा, आणि तो आवाज थांबला की समजायचं टोक आलं. टोकावर अर्धा क्षण समोर पूर्ण पॅसिफिक दिसतो, लाटा, सर्फिंगवाले, सगळं, आणि मग खाली. त्यानंतर वळण उतार वळण उतार, लाकडाचे वासे डोक्याला लागतील असे जवळून जातात (लागत नाहीत, पण हात आतच ठेवा), आणि दोन मिनिटांच्या आत संपतं. पुढे बसलात तर समोरचं सगळं दिसतं, मागे बसलात तर पुढचे डबे उतरताना तुम्हाला खेचून घेतात आणि सीटवरून तुम्ही चक्क उचलले जाता. माझी लेक पुढचीवाली, मी मागचीवाली.

बाबा पहिल्या फेरीला मधे बसले, माझ्या शेजारी. ओरडले नाहीत, डोळे पण मिटले नाहीत, मान वर करून सांधे बघत होते. उतरल्यावर मी विचारलं, बाबा कसं वाटलं, घाबरलात का? म्हणाले, "तिसऱ्या वळणाला आवाज बदलतो बघ, तिथे फळी नवीन बसवलीय." आणि दुसरं तिकीट काढायला स्वतः निघाले.

कामाच्या गोष्टी. पार्कमध्ये शिरायला पैसे नाहीत, राइडचे वेगळे, एकच कोस्टर करायचा असेल तर सुटं तिकीट पुरतं, मुलं बरोबर असतील आणि दिवसभर थांबणार असाल तर रिस्टबँडचा हिशोब करून बघा. उंचीची अट आहे, लहान मुलांना आधी मोजून घ्या म्हणजे रांगेत रडारड नको. चष्मा, मोबाइल, मंगळसूत्र, ओढणी नीट सांभाळा. बीचला पार्किंग आहे पण शनिवार-रविवारी उन्हाळ्यात दुपारी जागा मिळणं कठीण, सकाळी लवकर या. आईसारखं ज्यांना बसायचं नाही त्यांना समुद्राकाठचा लांब पादचारी रस्ता आहे, बाकं आहेत, वारा छान असतो, ती तिथे दोन तास मजेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले परत जाऊया का, बसायला नको, नुसतं बघायला. पार्क उघडायच्या बरंच आधी पोहोचलो. लाकडी कोस्टर रोज सुरू करायच्या आधी माणसं रुळावरून चालत जाऊन तपासतात, ते बघायचं होतं त्यांना. आणि खरंच एक माणूस चढावरून हळूहळू वर चालला होता, हातात पाना, मधे थांबायचा, वाकायचा, काहीतरी आवळायचा, पुढे जायचा. खाली एका खांबावर जुनी फळी आणि तिच्या शेजारी नवी, नवीवर रंग पण अजून ताजा, जुनीवर इतके थर की कडा गोल झालेल्या. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कुंपणाच्या जाळीला नाक लावून ती जोडणी बघत राहिले.

मग रिकामी गाडी सोडली, चाचणीची. टोकावरून खाली आली, सगळी वळणं घेत आमच्या समोरून गेली, एक पण माणूस नाही आत. बाबांनी हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं आणि ती स्टेशनात शिरेपर्यंत ऐकत राहिले. "काल भरलेली होती तेव्हा आवाज जड होता," म्हणाले, "हा बघ, आता नुसतं लाकूड बोलतंय."